खिशातला घोडा

गेल्या वर्षी गणपतीत एका जुन्या मित्राकडे गेलो होतो. डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात त्याचं घर. पुण्याला हॉस्टेलवर आम्ही शेजारच्या खोल्यांत राहायचो, एकमेकांचे शर्ट न विचारता घालायचो, त्यामुळे भेटल्यावर मिठी ही ठरलेलीच. दारातच मिठी मारली आणि त्याच्या कमरेपाशी काहीतरी कडक लागलं. फोन म्हणावा तर फोन त्याच्या हातात होता. माझा चेहरा बघून तो हळूच म्हणाला, "अरे, पिस्तूल आहे. रोजचंच आहे. चल, आरती खोळंबलीये."

आरतीत माझं लक्ष लागलं नाही हे सांगायला नकोच. कुर्त्याखाली पिस्तूल लावून हा इसम तल्लीन होऊन टाळ वाजवत होता.

आता मराठी माणसाला मिठीत काही टोचलं की एकच प्रसंग आठवणार. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अंगरख्याखाली चिलखत, हातात वाघनखं, बाहीत बिचवा. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात हा धडा आपण इतक्या वेळा वाचलेला असतो की लपवलेलं शस्त्र म्हटलं की आपल्या मनात भ्याडपणा येतच नाही, सावधपणा येतो. माझ्या मित्राचंही म्हणणं हेच. दोन वर्षांपूर्वी रात्री पेट्रोल भरताना एकाने त्याला चाकू दाखवून पाकीट नेलं होतं. गाडीत मागे मुलगी झोपली होती. "त्या दिवसापासून मी ठरवलं," तो म्हणाला, "आणि तुझं ग्रीन कार्ड आलंय ना आता? मग तूही घे. मी निवडायला मदत करतो."

(माहितीसाठी: एच-वन व्हिसावर असताना सहसा इथे बंदूक बाळगता येत नाही, केंद्राचा कायदा आड येतो. अपवाद म्हणजे तुमच्याकडे शिकारीचं लायसन असेल तर. म्हणजे कोड लिहायला आलेल्या माणसाने आधी हरणं मारायची तयारी दाखवली पाहिजे. असो.)

निवडायचं म्हणजे काय, तर त्याने मला पहिला प्रश्न विचारला, "तू रोज काय घालतोस?" मला वाटलं हा विषय बदलतोय. पण नाही. रोज जवळ बाळगायचं पिस्तूल निवडताना तो खरोखरच पहिला प्रश्न असतो. शर्ट खोचतोस की बाहेर काढतोस, पट्टा लावतोस का, दिवसभर खुर्चीत बसतोस की उभा असतोस. मग पिस्तुलाची जाडी, मग वजन, मग गोळीचा आकार, मग गोळ्या किती. मोठं पिस्तूल नेम धरायला सोपं आणि हाताला कमी धक्का देणारं, पण मोठं पिस्तूल माणूस आठ दिवस मिरवतो आणि नवव्या दिवशी घरी कपाटात ठेवतो. लहान पिस्तूल कायम जवळ राहतं, पण नळी आखूड, मूठ तोकडी आणि गोळी झाडताना हातात उडी मारणारं. थोडक्यात, सगळा ट्रेडऑफ. एक हवं तर दुसरं सोडा. आपल्या धंद्यातल्या माणसाला असला प्रश्न दिसला की हात शिवशिवतात, त्यामुळे पिस्तूल घ्यायचं की नाही हे ठरवायच्या आधीच मी लोकांनी ते आजवर कसं निवडलं हे वाचायला बसलो. चार शनिवार-रविवार त्यात गेले. बायको म्हणाली, पिस्तूल परवडलं पण हे वाचन नको.

सुरुवात फिलाडेल्फियातल्या हेन्री डेरिंजरपासून करावी लागते. १७८६चा जन्म, धंद्याने बंदूकवाला. त्याच्या आधीही खिशातली पिस्तुलं होतीच, पण याने बनवलेल्या एका बाराच्या बुटक्या पिस्तुलांनी धुमाकूळ घातला, विशेषतः १८४९च्या सोन्याच्या धावपळीनंतर कॅलिफोर्नियात. एकच बार असल्यामुळे लोक ती जोडीने विकत घ्यायचे, चपलांसारखी. नकला इतक्या झाल्या की एका नक्कलवाल्यांनी डेरिंजर आडनावाचा चक्क एक शिंपी गाठला आणि त्याचं नाव कायदेशीरपणे पिस्तुलांवर छापलं! पुढे एक जादा 'र' लागून डेरिंजर हे विशेषनाम उरलंच नाही, असल्या चिमुकल्या पिस्तुलाला सगळे तेच म्हणू लागले.

१४ एप्रिल १८६५च्या रात्री जॉन विल्क्स बूथने वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकनवर झाडलं ते हेच. लांबी पंधरा सेंटीमीटरच्या आत, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आजचा एखादा मोठा मोबाइल. एक बार झाला की ते निव्वळ पेपरवेट, म्हणून त्याने सोबत चाकूही ठेवला होता आणि शेजारी बसलेल्या मेजर रॅथबोनवर तोच चालवला. ते पिस्तूल आजही त्याच थिएटरच्या संग्रहालयात आहे.

वाचताना मला सगळ्यात नवल वाटलं ते मात्र पिस्तुलाचं नाही, कायद्याचं. अमेरिका म्हणजे पहिल्यापासून ज्याच्या त्याच्या कमरेला बंदूक, अशी आपली वेस्टर्न सिनेमांनी करून दिलेली समजूत. प्रत्यक्षात केंटकी राज्याने १८१३ सालीच खिशातली पिस्तुलं, खंजीर आणि काठीतल्या गुप्त्या लपवून बाळगायला बंदी घातली होती. लुइझियानानेही त्याच वर्षी. उघड बाळगा, हरकत नाही. लपवू नका. त्यामागचा विचार सरळ होता: सभ्य गृहस्थाला लपवण्यासारखं काय असतं? जो लपवतो त्याच्या मनात काळंबेरं आहे. लुइझियानाच्या न्यायालयाने १८५०च्या एका निकालात जवळपास हेच मत नोंदवलं, की समोरासमोर दिसणारं शस्त्र माणसाला शूर ठेवतं आणि लपवलेलं मारेकऱ्यांच्या कामी येतं.

आणि टेक्सास? काउबॉयांचं माहेर? इथे १८७१ साली कायदा झाला आणि काही अपवाद सोडले तर सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगायलाच बंदी आली. उघडही नाही, लपवूनही नाही. हा कायदा या ना त्या रूपात १९९५पर्यंत टिकला. सव्वाशे वर्षं! हे मित्राला सांगितल्यावर तो म्हणाला, "फेकू नकोस." इथे पंधरा वर्षं राहिलेल्या माणसालाही हे माहीत नसतं.

आता यंत्राकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. १९व्या शतकाच्या शेवटापर्यंत खिशात ठेवायचं म्हणजे रिव्हॉल्व्हर. त्याच्या पोटात गोळ्यांचा गोल डबा असतो, तो कोटातून फुगून दिसतो. शिवाय मागचा घोडा खिशाच्या अस्तरात अडकतो आणि नेमक्या वेळी पिस्तुलाऐवजी खिसाच बाहेर येतो. यावर उपाय म्हणून स्मिथ अँड वेसनने १८८७मध्ये घोडा आतच झाकून टाकलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. मुठीच्या मागे एक दट्ट्या, मूठ घट्ट दाबल्याशिवाय बार उडत नाही. लोक त्याला लिंबू पिळायचं यंत्र म्हणायचे. (आपल्या मुंबईच्या बोलीत पिस्तुलालाच घोडा म्हणतात. त्या हिशेबाने हा बिनघोड्याचा घोडा झाला.)

पण खिशाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो जॉन मोझेस ब्राउनिंगने. युटामधल्या ऑग्डनचा हा गृहस्थ म्हणजे बंदुकांच्या जगातला असा इंजिनियर, की त्याची डिझाइन्स शंभर वर्षांनंतरही प्रॉडक्शनमध्ये आहेत. (माझा कोड दीड वर्षात फेकून देतात.) त्याचं पिस्तूल बेल्जियममधल्या एफएन कंपनीने १९००चं मॉडेल म्हणून काढलं. चपटं, मुठीच्या आत सात गोळ्यांचं मॅगझिन, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. गोळी मुद्दामच लहान ठेवली, ७.६५ मिलिमीटरची. कारण असं, की गोळी सुटली की तेवढाच धक्का मागे बसतो. गोळी दांडगी असेल तर तो धक्का आवरायला नळी आणि वरचा सरकता भाग क्षणभर एकमेकांना कुलूपबंद ठेवावे लागतात, म्हणजे भाग वाढले, आकार वाढला, वजन वाढलं. गोळी लहान असेल तर नुसतं त्या सरकत्या भागाचं वजन आणि एक स्प्रिंग पुरते. म्हणजे खिशाने गोळी ठरवली आणि गोळीने यंत्र ठरवलं. ज्या सैन्याला खिशाची पर्वा नव्हती त्याच्यासाठी याच ब्राउनिंगने १९११चं .४५चं पिस्तूल केलं, ते भरतं एक किलोच्या वर.

खिशातलं ब्राउनिंग तुफान खपलं. सात लाखांहून जास्त. अमेरिकेत कोल्टने त्याच्याच डिझाइनचं १९०३चं पॉकेट मॉडेल काढलं, पुढे १९०८ला वेस्टकोटच्या खिशात मावेल असं आणखी चिमुकलं. युरोपात तर ब्राउनिंग म्हणजेच पिस्तूल असा शब्दच रूढ झाला. रात्री उशिरा घरी परतणारा दुकानदार, गल्ला घेऊन बँकेत जाणारा कारकून, एकटं फिरावं लागणाऱ्या बायका, अशांसाठी ती वस्तू होती.

आता ही नाशिकला कशी पोचली ते बघा. आपल्याकडे १८७८च्या शस्त्र कायद्यामुळे हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नव्हतं, गोऱ्यांना त्यातून सूट. १९०९ साली लंडनच्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईला परतला तेव्हा त्याच्या पेटीच्या चोरकप्प्यात वि. दा. सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुलं होती. एकाचं सव्वासहाशे ग्रॅम धरलं तर साडेबारा किलो. चपटी असल्याने एकावर एक रचता येणारी. लष्करी रिव्हॉल्व्हरं असती तर एका पेटीच्या तळाशी वीस मावली असती का, मला शंका आहे.

त्यांतलं एक २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात गेलं. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांच्या निरोपासाठी देवलांच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. जॅक्सन नाटक बघायला आत शिरत असताना अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. वय अठराच्या आसपास. १९ एप्रिल १९१०ला त्यांना, कृष्णाजी कर्वेंना आणि विनायक देशपांडेंना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत काढत पोलीस सावरकरांपर्यंत पोचले. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला आज हुतात्मा कान्हेरेंचं नाव आहे. लहानपणी मावशीकडे गेलो की आम्ही त्या मैदानावर खेळायचो. पिस्तूल कुठल्या कंपनीचं, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नव्हता.

फोर्ड्स आणि विजयानंद, दोन्हीकडे नाटक सुरू. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. नाटकाला माणूस चांगले कपडे घालून जातो, गर्दी असते, बडी मंडळी हातभर अंतरावर येतात, आणि सोबत नेता येतं ते कोटात मावेल तेवढंच. १९१४ला साराएव्होत गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात होतं तेही ब्राउनिंगच, १९१०चं मॉडेल. ३० जानेवारी १९४८ला दिल्लीत पुण्याच्या माणसाच्या हातात होतं ते बेरेट्टा, १९३४चं मॉडेल, तेही लहानच. विकताना जाहिरात दुकानदाराच्या सुरक्षिततेची आणि इतिहासात नोंद मात्र ही.

मित्राला हे सगळं सांगितलं तर तो वैतागला. म्हणाला, "म्हणजे मी बूथ आहे का?" त्याचं बरोबर होतं. हे लोक मारायच्या ठरावाने गेले होते, त्यांनी ते पिस्तूल रोज बाळगलं नव्हतं. लाखो लोकांनी तीच वस्तू आयुष्यभर खिशात ठेवली आणि एकदाही बाहेर काढली नाही, त्यांचा इतिहास कोण लिहिणार? मी मुकाट्याने पुन्हा पुस्तकं उघडली, आणि मला सापडला तो माणूस आमच्याच गावचा निघाला.

जॅक रूबी. डॅलसमध्ये नाइटक्लब चालवायचा. धंद्याची रोकड अंगावर असायची म्हणून सोबत रिव्हॉल्व्हर ठेवायचा. कोल्ट कोब्रा, .३८चं, सहा गोळ्यांचं. डिटेक्टिव्ह स्पेशल नावाच्या पोलिसी रिव्हॉल्व्हरची ही हलकी आवृत्ती. सांगाडा ॲल्युमिनियमचा केल्यामुळे वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास आलेलं. रोज बाळगायला त्या काळात याहून चांगली निवड क्वचितच असेल. खोटं नाही सांगत, मित्राचे सगळे निकष लावून बघितले, रूबी प्रत्येकात पास.

२४ नोव्हेंबर १९६३, रविवार. केनेडींना मारल्याचा आरोप असलेल्या ओस्वाल्डला पोलीस मुख्यालयातून हलवणार होते. रूबी त्या सकाळी जवळच्या वेस्टर्न युनियनमध्ये गेला, आपल्या क्लबातल्या एका नर्तकीला २५ डॉलर पाठवायला. पावतीवर वेळ ११ वाजून १७ मिनिटांची. लाडकी कुत्री गाडीत बसवून ठेवलेली. तिथून चालत तो मुख्यालयाच्या तळघरात उतरला आणि ११ वाजून २१ मिनिटांनी, टीव्हीवर सगळा देश बघत असताना, त्याने ओस्वाल्डच्या पोटात गोळी झाडली.

कट होता की नाही यावर लोक अजून भांडतात. मला ती पावती आणि ती कुत्री पुरेशी वाटते. ठरवून मारायला निघालेला माणूस आधी मनीऑर्डरच्या रांगेत उभा राहत नाही. पिस्तूल त्याने गल्ल्यासाठी घेतलं होतं. पण ते खिशात होतं, कारण ते नेहमीच खिशात असायचं. नेहमी जवळ असावं, जाणवू नये, विसरायला व्हावं, यासाठी डेरिंजरपासून सगळ्यांनी घाम गाळला होता. कोब्रामध्ये ते त्यांना इतकं छान जमलं होतं की ज्या चार मिनिटांत ते जवळ असायला नको होतं त्या चार मिनिटांतही ते होतंच.

हा किस्सा मी मित्राला विजयी मुद्रेने ऐकवला. त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "किलीन माहितीये?"

किलीन हे टेक्सासातलंच गाव. १६ ऑक्टोबर १९९१ला तिथल्या ल्यूबीज कॅफेटेरियात एका माणसाने ट्रक काच फोडून आत घातला आणि गोळ्या झाडत सुटला. २३ माणसं गेली. सुझॅना हप नावाची कायरोप्रॅक्टर तिथे आईवडिलांबरोबर जेवत होती. तिच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं, पण लपवून बाळगणं बेकायदा, पकडले गेलो तर व्यवसायाचा परवाना जाईल, म्हणून ती ते गाडीत ठेवायची. पर्समध्ये हात घातला तेव्हा तिच्या ते लक्षात आलं. वडील त्या माणसाच्या अंगावर धावून गेले आणि गेले. ती खिडकीतून बाहेर पडली, आई मागे येत असेल असं समजून. आई वडिलांपाशीच थांबली होती. तीही गेली.

पुढे हप राज्याराज्यांत साक्षी देत फिरली. फ्लोरिडाने १९८७मध्ये सरसकट परवाने द्यायला सुरुवात केलीच होती. टेक्सासात १९९५ला गव्हर्नर बुशनी सही केली आणि १८७१पासूनची बंदी उठली. २०२१पासून तर २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवानाही लागत नाही. कायदे सैल झाले तशी यंत्रं बदलली. १९९४च्या केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा घातली, ती दहा वर्षं होती. मग कंपन्यांनी विचार केला, दहाच ठेवायच्या तर पिस्तूल मोठं कशाला? १९९५चं छोटं ग्लॉक २६ हे त्याच सुमाराचं. मग २०१८मध्ये सिगने पी-३६५ काढलं: जेमतेम एक इंच जाडी, अर्धा किलो वजन, आणि मॅगझिन वर निमुळतं करत आत दहा गोळ्या, त्याही पूर्ण ताकदीच्या ९ मिलिमीटरच्या. ब्राउनिंगला जो सौदा करावा लागला होता तो जवळजवळ संपला. नावातला ३६५ हा वर्षाच्या दिवसांचा आकडा आहे. मित्राच्या कमरेला लागलं ते हेच.

मी घेतलं नाही. दुकानात गेलो, हातात धरून बघितलं, मुठीत सुरेख बसतं. पण मला राग लवकर येतो, आणि हे दुकानदाराला कसं सांगायचं कळेना. तो माझ्या पट्ट्याविषयी विचारत होता.

मित्राला एवढंच म्हटलं, की दिवाळीला आमच्याकडे येशील तेव्हा ते गाडीत ठेव, घरात लहान मुलं आहेत. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हपनेही गाडीतच ठेवलं होतं." मी म्हटलं, "माझं घर आहे, कॅफेटेरिया नाही." त्यावर तो म्हणाला, पेट्रोल पंपाचंही त्याला तसंच वाटायचं. पुढे आम्ही आठवडाभर बोललो नाही.

दिवाळीला तो आला. बायको-मुलीसकट, चकल्यांचा डबा घेऊन. दारातच दोन्ही हात वर करून त्याने एक गोल गिरकी घेतली, सगळे हसले. मीही हसलो आणि मिठी मारली. हात मात्र त्याच्या कमरेपाशी जरा जास्त वेळ राहिला. त्याच्या ते लक्षात आलं.